शेजाऱ्याचे वेतन

वऱ्हाड प्रांत एके काळी पगाराच्या थकबाकीपायी गहाण पडला होता, ही गोष्ट आज वऱ्हाडातल्याच पुष्कळांच्या स्मरणात राहिलेली नाही. निजामाच्या नावाने उभारलेली, परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली वागणारी हैदराबाद कंटिन्जंट नावाची जी फौज, तिचा तनखा वेळेवर चुकता होईना, बाकी तुंबत गेली, ती कंपनी सरकारने आपल्या खजिन्यातून भागवली, आणि त्या कर्जाच्या फेडीसाठी १८५३ च्या तहान्वये वऱ्हाडचा मुलूख, त्यात बाळापूरही, कंपनीच्या कारभाराखाली गेला. पुढे १९०२ मध्ये सालीना २५ लाख रुपयांच्या बोलीवर तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांना लावून देण्यात आला. ही फौज गरजेपेक्षा फार महागडी आहे अशी हैदराबादच्या दरबाराची जुनी तक्रार होती. पण फौजेचा मुशाहिरा ज्याने द्यायचा त्याच्या हाती तिच्या खर्चाची किल्ली नव्हती, आणि ज्याच्या हाती किल्ली होती त्याला खर्च सोसावा लागत नव्हता. ज्या भूमीचे अर्वाचीन दैव अशा एका तनख्याच्या हिशेबाने ठरले, त्या भूमीत ‘कोणाला किती मिळते, आणि ते कोणाला ठाऊक असते’ हा प्रश्न क्षुद्र समजून बाजूला सारण्याची मुभा आपल्याला नाही.

हा प्रश्न विचारण्याची एक नवी सोय अलीकडे झाली आहे. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर ज्या गावाचा किल्ला उभा आहे, त्या बाळापुरातला एखादा तरुण पुण्याच्या कचेरीत नोकरीला लागतो, आणि मुलाखतीला जाण्यापूर्वी अँबिशनबॉक्स किंवा ग्लासडोअर यांसारख्या ठिकाणी आपले पद, आपल्या अनुभवाची वर्षे आणि शहराचे नाव भरून त्या पदावरच्या इतरांना काय दरमहा मिळतो ते क्षणात पाहतो. नेदरलंडमध्ये २००० च्या सुमारास सुरू झालेल्या ‘वेज-इंडिकेटर’ या उपक्रमाने तर हेच काम कामगारांच्या बाजूने आणि पुष्कळ देशांसाठी केले आहे. त्याचे भारतीय भावंड ‘पेचेक’ या नावाने चालते, आणि त्यात नोकरदाराच्या पगाराबरोबर राज्याराज्याने ठरवलेले किमान वेतनाचे दरही पाहायला मिळतात. पूर्वी जी माहिती फडावरच्या कारकुनाच्या दप्तरात कुलूपबंद असे, ती आता कोणाही पोराच्या खिशात आहे.

पण घरातल्या वडीलधाऱ्यांना हे रुचत नाही, आणि त्यांची अरुची केवळ जुनाटपणाची आहे असे मला वाटत नाही. दुसऱ्याच्या ताटात डोकावू नये, ही शिकवण त्यांना परंपरेने मिळाली आहे. मत्सर हा षड्रिपूंपैकी एक. संतोष हा पतंजलींनी सांगितलेल्या नियमांपैकी एक. आणि गीतेने तर कर्माचा अधिकार माणसाकडे ठेवून फळाची आसक्ती सोडायला सांगितले आणि सहजी जे लाभेल त्यात तृप्त राहणाऱ्याची स्तुती केली. मग शेजारच्या मेजावरच्या माणसाचा पगार शोधून काढणे आणि तो आपल्यापेक्षा जास्त निघाला म्हणून रात्रभर तळमळणे, हे ज्याला आपण धर्म म्हणतो त्याच्याशी कसे जुळावे? या आक्षेपाला अनुभवाचाही आधार आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सरकारी नोकरांचे पगार एका वृत्तपत्राने सर्वांना पाहता येतील असे प्रसिद्ध केले, तेव्हा काही अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या विद्यापीठातील नोकरांपैकी काहींना त्या यादीची खबर देऊन त्यांची मनःस्थिती तपासली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा की ज्यांचा पगार आपल्या सोबत्यांच्या मध्यापेक्षा कमी निघाला ते अधिक असमाधानी झाले, आणि ज्यांचा जास्त निघाला त्यांच्या समाधानात मात्र काडीचीही भर पडली नाही. म्हणजे या ज्ञानाने दुःख वाढले आणि सुख वाढले नाही. वडीलधाऱ्यांना यापेक्षा भक्कम साक्षीदार कोणता हवा?

तरीही हा आक्षेप मला मान्य नाही. फलत्यागाचा उपदेश कोणाला उद्देशून केला आहे हे आधी पाहिले पाहिजे. तो कर्त्याला केला आहे. कर्त्याचे फळ ज्याच्या हाती आहे त्याला केलेला नाही. धनकोने ऋणकोला ‘आसक्ती सोड’ म्हणावे यात एक वेळ काही अर्थ असेल, पण ज्याने पैसे द्यायचे आहेत त्यानेच घेणाऱ्याला वैराग्याचा उपदेश करावा, यात धर्म नसून निव्वळ सोय आहे. आणि त्याग ही ज्ञात वस्तूची क्रिया आहे. आपल्याला काय देय होते हे ज्याला माहीतच नाही, त्याने काही सोडले असे म्हणता येत नाही, त्याचे काही राहून गेले एवढेच म्हणता येते.

बाळापुराहून शेगाव फार दूर नाही. तिथल्या गजानन महाराजांच्या संस्थानात शेकडो सेवेकरी आपापल्या गावाहून पाळीपाळीने येऊन झाडलोट करतात, पंगती वाढतात, चपला सांभाळतात आणि एक पैसाही घेत नाहीत. फलत्यागाचे इतके स्वच्छ उदाहरण आमच्या भागात दुसरे नाही. पण त्या सेवेकऱ्याला आपल्या दिवसाचे मोल काय ते पुरते ठाऊक असते. शेतातला किंवा दुकानातला तेवढा रोज बुडवूनच तो आलेला असतो. त्याची सेवा थोर आहे ती तो हिशेब जाणून सोडतो म्हणून. त्याच माणसाला उद्या एखाद्या ठेकेदाराने निम्म्या रोजावर राबवले आणि सेवेचा दाखला दिला, तर महाराजांचे नाव घेऊन त्याला लुबाडले असेच म्हणावे लागेल.

आपल्या परंपरेत या बाबतीत मौन आहे असेही नाही, फक्त तिकडे पाहण्याची सवय आपण सोडली आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, मजुराच्या कामाचा करार आसपासच्या लोकांना ठाऊक असावा असे स्पष्ट सांगितले आहे. ठरलेले वेतन ठरल्याप्रमाणे मिळावे, आणि काही ठरले नसेल तर काम आणि काळ यांना अनुरूप असे मिळावे, शेतकाम करणाऱ्याला पिकाचा व गुराख्याला तुपाचा दहावा हिस्सा मिळावा, अशी ती तजवीज आहे. शेजाऱ्याने जाणणे हा तिथे दोष तर नाहीच, तो कराराचा एक भाग आहे, कारण तंटा उद्भवल्यास साक्ष द्यायला दुसरे कोण येणार? त्याच ग्रंथात राज्याच्या नोकरांची संपूर्ण वेतनश्रेणी दिलेली आहे, पुरोहित, मंत्री, सेनापती यांना ४८,००० पण, आणि अगदी तळच्या परिचारकाला ६०. प्रमाण आठशेला एक. हे प्रमाण न्याय्य आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, पण ते लपवलेले नाही, ही गोष्ट मात्र नोंदवण्यासारखी आहे. आठशेला एक हे प्रमाण उघड असले की निदान त्यावर वाद घालता येतो.

बाळापुरात सूफींच्या नक्शबंदी परंपरेची जुनी खानकाह आहे आणि गावात मुसलमान वस्तीही मोठी आहे, म्हणून इस्लामी धर्मशास्त्राचा निर्वाळा इथे परका नाही. मजुराचा घाम वाळण्याच्या आत त्याची मजुरी द्या, ही पैगंबरांची म्हणून सांगितली जाणारी आज्ञा सर्वश्रुत आहे. तिच्याइतकी सर्वश्रुत नसलेली, पण माझ्या मते अधिक खोल, अशी दुसरी गोष्ट म्हणजे इजारा, अर्थात मोलाने राबवण्याचा करार, त्यातले वेतन आधी कळवलेले नसेल तर फकीहांच्या दृष्टीने तो करारच सदोष ठरतो. घामाची आज्ञा दयेची आहे. ही दुसरी न्यायाची आहे. दयेला विलंब चालत नाही, एवढाच पहिलीचा अर्थ. दुसरीत असे गृहीत आहे की अज्ञानावर उभारलेला सौदा हा सौदाच नव्हे. आणि बुद्धाने सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला सांगितलेल्या कर्तव्यांत धन्याने नोकराला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे आणि वेळोवेळी सुटी द्यावी, असा क्रम आहे. वेतनाचा उल्लेख तिथे धर्माचरणाच्या यादीत आहे. १९५६ नंतर वऱ्हाडातल्या ज्या लक्षावधी लोकांनी बुद्धाचा मार्ग स्वीकारला, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मजुरीच होती. त्यांना या उपदेशाची गोडी का वाटावी हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

इथपर्यंत आलेला वाचक म्हणेल की मग प्रश्न सुटला; पगार उघडे करा म्हणजे न्याय आपोआप येईल. तसे घडत नाही, याची साक्ष आमच्याच गावगाड्यात आहे. बलुत्याइतके उघडे वेतन जगात दुसरे कोणते असेल? त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’ लिहून त्या व्यवस्थेचा जो तपशील नोंदवला, त्यात थोरली, मधली आणि धाकटी अशा बलुतेदारांच्या ओळी आहेत आणि कोणी खळ्यावर किती घ्यायचे ते ठरलेले आहे. सुताराचा वाटा चांभाराला ठाऊक, चांभाराचा न्हाव्याला ठाऊक, महाराचा सगळ्यांना ठाऊक. आणि तरीही महाराने दिवसरात्र सरकारी आणि गावकीचे काम करावे, आणि मोबदल्यात शिळे तुकडे, मेलेले जनावर आणि दाराबाहेर उभे राहून मागितलेले धान्य घ्यावे, हा उघडपणा शेकडो वर्षे निर्वेध चालला. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवून बलुत्याऐवजी रोख पगाराची मागणी केली, तेव्हा त्यांचा झगडा माहिती मिळवण्यासाठी नव्हता. माहिती सर्वांनाच होती. ती पाहून लाज वाटण्याची सोय समाजाने ठेवली नव्हती, कारण तो वाटा कर्माने आणि जन्माने ठरतो असे सांगून पाहणाऱ्याचे डोळे आधीच निवलेले होते. म्हणून पगाराची तुलना करणाऱ्या यंत्राकडून मी फार मोठ्या आशा बाळगत नाही. यंत्र आकडा दाखवील. आकडा अन्यायाचा आहे असे ते सांगणार नाही, आणि सांगूही शकत नाही.

त्याचे कारण त्या यंत्राच्या रचनेतच आहे. ते जे सांगते तो चालू दर असतो, आणि चालू दर हा न्याय्य दराचा दूरचाच नातलग आहे. हजार जणांना कमी मिळत असेल तर यंत्राच्या लेखी कमी हाच प्रघात ठरतो, आणि मालकाच्या हाती एक नवा दाखला येतो: बाजारात इतकेच आहे, पाहा. आपल्या नैयायिकांनी प्रमाणांची जी काटेकोर चर्चा केली, तिच्या भाषेत बोलायचे तर हे प्रत्यक्ष आहे. पण ‘असे आहे’ यावरून ‘असे असावे’ हे कोणत्याही अनुमानाने सिद्ध होत नाही. शिवाय या नोंदी लोक स्वतःच भरतात, म्हणून ज्यांच्याजवळ पगाराची पावती आहे त्यांचीच गणती होते. बाळापूर तालुक्यातील पारसच्या वीजकेंद्रावरचा अभियंता त्यात सापडेल. तिथेच कंत्राटदाराच्या हाताखाली राखेत काम करणारा बहुधा सापडणार नाही. कंत्राटी माणसाला कायम माणसाइतकेच काम असेल तर वेतनही तितकेच असावे हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पंजाबच्या एका खटल्यात सरकारी हंगामी नोकरांपुरते मान्य केले. पण निवाडा आणि हजेरीपट यांच्यात पुष्कळ अंतर असते.

वऱ्हाडात पगाराची तुलना करण्याची एक जुनी सोय आहे, आणि ती पाहायची तर कापसाच्या वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी शेताच्या धुऱ्यावर जावे. सीतादहीची पूजा होऊन वेचा सुरू झाला की दिवसभराचे गाठोडे एकेक बाई काट्याला लावते, मालक किंवा त्याचा माणूस किलो पुकारतो, आणि तो आकडा सगळ्यांच्या कानांवर पडतो. दर आदल्या दिवशीच ठरलेला असतो. बोंडे भरगच्च असताना तो कमी, आणि फरदडीला कापूस विरळ झाला की चढा. घरी जाताना ‘तुले किती भेटले वं बाई?’ हा प्रश्न जो विचारला जातो त्यात मत्सराचा लवलेश नसतो. त्यात काटा बरोबर होता की नाही याची पडताळणी असते, आणि शेजारच्या शिवारात दर काय आहे याची चौकशी असते, म्हणजे उद्या कुठे जायचे ते ठरवता यावे. सालदाराचे साल गुढीपाडव्याला दोघांतच ठरते, पण संध्याकाळच्या आत ते गावभर झालेले असते, आणि ज्या घरी उचल जास्त व वागणूक बरी त्या घरी पुढच्या वर्षी माणसे आपण होऊन येतात. कौटिल्याचे आसन्न साक्षीदार ते हेच.

पण त्याच धुऱ्यावर दुसरेही एक दृश्य आहे, आणि ते कोणालाच खटकत नाही. कापूस वेचणे किलोवर असते म्हणून तिथे बाई आणि माणूस असा भेद उरत नाही. परंतु निंदणाचा रोज हा ‘बायांचा रोज’ आणि फवारणीचा रोज हा ‘माणसांचा रोज’, आणि पहिला दुसऱ्यापेक्षा कमी, हे सर्वांना ठाऊक आहे, सर्वांना मान्य आहे, त्या बायांनाही. समान मोबदल्याचा कायदा १९७६ मध्ये झाला. संविधानाच्या ३९ व्या अनुच्छेदात समान कामाला समान वेतन हे राज्याचे धोरण म्हणून लिहिलेले आहे. पण काम समान आहे की नाही हे ठरवणार कोण? आषाढात सकाळपासून दिवस बुडेपर्यंत कंबर वाकवून तण उपटणे हे ‘हलके’ काम, आणि पाठीवर पंप घेऊन फिरणे हे ‘भारी’ काम, हा निवाडा कधी, कोणत्या पंचायतीने, कोणता काटा लावून दिला? फवारणीतल्या विषाचा धोका खरा आहे आणि त्याचे जास्त मोल असावे हेही मला मान्य आहे. पण मग डवरणीचा, खत टाकण्याचा, नुसत्या राखणीचाही पुरुषाचा रोज चढाच का? बलुत्याच्या ओळींसारखीच ही एक ओळ आहे, आणि तितकीच उघडी. याउलट रोजगार हमीच्या कामावर, ज्या योजनेचा कायदा महाराष्ट्राने देशाच्या कितीतरी आधी, १९७७ मध्ये केला, स्त्रीपुरुषांना दर एकच. मनरेगाखाली महाराष्ट्राचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये ठरवण्यात आला, आणि त्याचे मस्टर कोणालाही पाहता येईल असे ठेवण्यात आले. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने तर प्रत्येक सरकारी कचेरीने आपल्या प्रत्येक अधिकाऱ्याचे आणि कर्मचाऱ्याचे मासिक वेतन आपण होऊन जाहीर करावे असे बंधन घातले. सरकारला जे लाजिरवाणे वाटत नाही ते खासगी पेढीला का वाटावे, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

न्याय्य दर मग कशावरून ठरवावा? बायबलात द्राक्षमळ्याच्या धन्याची कथा आहे. सकाळी आलेल्याला आणि दिवस मावळता आलेल्याला तो एकच नाणे देतो, आणि सकाळचे मजूर कुरकुरतात. तुलनेने दुःख वाढते याचे ते कॅलिफोर्नियाहून फार जुने उदाहरण. इंग्रज लेखक रस्किनने १८६० मध्ये त्या कथेवरून आपल्या अर्थशास्त्रीय निबंधांना नाव दिले, गांधीजींनी त्या निबंधांचे पुस्तक १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून दरबानला जाताना आगगाडीत वाचले आणि पुढे ‘सर्वोदय’ या नावाने त्याचे सार गुजरातीत मांडले. त्या विचाराची खरी कसोटी मात्र वऱ्हाडच्या शेजारी, वर्ध्यात लागली. १९३५ च्या सुमारास चरखा संघापुढे कातणाऱ्या बाईला जगण्यापुरती मजुरी द्यावी की बाजारभावाने द्यावी हा वाद उभा राहिला, कारण खादी स्वस्त हवी तर कातणारी उपाशी राहते हे आकड्यांवरून दिसू लागले होते. विनोबांनी त्या काळात नालवाडीला स्वतः तासन्‌तास सूत कातून त्याच्या मजुरीवर आपले पोट भागते का हे पाहिले. वादात पडण्याआधी दुसऱ्याची मजुरी आपल्या देहावर लावून पाहणे, ही पगाराची तुलना करण्याची मला माहीत असलेली सर्वांत प्रामाणिक रीत आहे. तिच्यात मत्सराला जागाच उरत नाही. नंतर आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक आले, १९४८ मध्ये तो कायदा झाला, आणि १९८२ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी पैशात राबवून घेणे ही वेठबिगारच होय असे ठरवले. कबुलायत दिली होती ही सबब तिथे टिकली नाही. भुकेने दिलेली संमती ही संमती नव्हे, हे त्या निकालाचे तत्त्वज्ञान मला कित्येक भाष्यग्रंथांहून मोलाचे वाटते.

राहिला मत्सराचा तो पहिला आक्षेप. नॉर्वेमध्ये नागरिकांच्या उत्पन्नाच्या नोंदी पाहता येतात, पण २०१४ पासून, कोणी पाहिले हे ज्याची नोंद पाहिली त्याला कळते. आणि ते सुरू होताच पाहणाऱ्यांची संख्या घसरली. मत्सर आणि न्यायबुद्धी यांची इतकी सोपी पारख मला दुसरी सुचत नाही. कापसाच्या काट्याभोवती उभ्या असलेल्या बायांना आपण विचारले हे लपवावे लागत नाही.

आता बाळापूरचा शेतकरी मला अडवील, आणि त्याने अडवावे. तो म्हणेल, मजुरांचे उघडे करता, ठीक आहे, पण माझे काय? पाच एकर कोरडवाहू, वेचणीला किलोमागे द्यायचे पैसे हंगामागणिक चढते, आणि व्यापारी देईल तो भाव. त्याचे म्हणणे खरे आहे. वऱ्हाडात पुष्कळदा पगार देणारा हाही दुसऱ्या कोणाच्या लेखी मजूरच असतो, आणि तुलना करणारी ती यंत्रे घेणाऱ्याचा आकडा दाखवतात, देणाऱ्याच्या देणाऱ्याचा दाखवत नाहीत. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये जाहीर झाला. हा आकडा दिल्लीत कृषिमूल्य आयोगाच्या ताळेबंदावरून निघतो, आणि त्या ताळेबंदात लावलेल्या मजुरांची मजुरी हा एक मोठा रकाना असतो. घरच्या माणसांच्या राबण्याची किंमतही साधारणतः गावातील मजुरीच्या दरावरूनच धरली जाते. म्हणजे निंदणाचा रोज ‘बायांचा’ म्हणून कमी ठेवला, तर त्या रकान्यात शेतकऱ्याच्या स्वतःच्या बायकोचा दिवसही तितकाच स्वस्त लिहिला जातो, आणि त्याचा हमीभाव तेवढ्याने खाली येतो.